बर्फ, मेंढ्या आणि फुलं : काश्मीरच्या तळ्यांची वाट

काश्मीरमध्ये सोनमर्गला चढायला लागून नारानागला उतरणारी ७०-७५ किलोमीटरची एक वाट आहे. ट्रेकर लोक तिला 'काश्मीर ग्रेट लेक्स' म्हणतात, घाईत असले की नुसतं 'केजीएल'. पुण्यामुंबईच्या ट्रेकर मंडळींत 'केजीएल झालं का?' हे हल्ली 'नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड केलास का?' इतक्या सहज विचारलं जातं. नाव तळ्यांचं असलं तरी आमचा गट जमला तो फुलांसाठी, आणि त्याला कारण आमच्या मॅडम. त्यांनी साताऱ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य काढलं. मुलांना कासच्या पठारावर गुडघ्यांवर बसवून दवबिंदूची रोपं आणि कंदीलपुष्पं दाखवली. निवृत्त झाल्यावर म्हणाल्या, "आता वरची फुलं बघायची. चालेन तेवढं चालेन, पळणार मात्र नाही."

मग त्यांचे जुने विद्यार्थी, मी, माझी नाशिकची काकू, एक डॉक्टर आणि आयटीतली दोन पोरं असा गोतावळा तयार झाला. पोरांना ड्रोन न्यायचा होता. ताबारेषेच्या इतक्या जवळ ड्रोन काढला तर काय होईल हे डॉक्टरांनी त्यांना सविस्तर सांगितलं, तेव्हा तो बेत बारगळला.

जुलै उजाडेपर्यंत खिंडींवर बर्फ असतं आणि सप्टेंबर मध्यावर आला की फुलं आटोपलेली असतात. आम्ही ऑगस्टचा पहिला आठवडा धरला. तेव्हा आपल्याकडे सह्याद्रीत धो धो कोसळत असतं, पण पीर पंजालच्या रांगेनं बराचसा मोसमी पाऊस अडवल्यामुळे काश्मीरमध्ये त्याचा जोर फारच कमी असतो. छत्री नको, पोंचो मात्र हवाच.

श्रीनगर ते सोनमर्ग

८० किलोमीटरचा रस्ता. गांदरबल, कंगन, मग सिंध नदी सोबतीला येते. ही भूगोलात शिकलेली सिंधू नव्हे. ही झेलमला मिळणारी छोटी नदी. अमरनाथ यात्रा चालू होती, त्यामुळे बालटालकडे जाणाऱ्या गाड्यांचा ताफा पुढे निघेपर्यंत आम्ही गगनगीरच्या अलीकडे गाडीत बसून राहिलो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही हे माहीत असूनही अर्धा गट प्रीपेडच घेऊन आला होता. बरंच झालं.

सोनमर्गजवळच्या शितकडीच्या तळावर तंबू नदीकाठी. उंची साधारण २७०० मीटर. संध्याकाळी गाईडनं सगळ्यांची मेडिकल सर्टिफिकेटं आणि ओळखपत्रं तपासली, बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे वहीत मांडले. तो कंगनकडचा, तिशीतला, बोलायला मृदू. पण वेळापत्रकाच्या बाबतीत अजिबात नाही. "सुबह सात बजे निकलेंगे, दो बजे तक कॅम्प." मॅडमनी विचारलं, "और फूल कब देखेंगे?" तो हसला. "चलते-चलते, मॅडमजी." या 'चलते-चलते'वरून पुढचे सगळे दिवस दोघांचं जुंपणार होतं.

दिवस पहिला : सोनमर्ग ते निचनाई

सुरुवातीलाच दमछाक करणारा चढ. मागे वळलं की खाली सोनमर्ग आणि समोर थाजीवासच्या हिमनद्या लटकलेल्या. शेकदूरच्या माळावर एका ढाब्यात चहा आणि राजमा-भात मिळतो. तिथवरच घोड्यावर येणारे पर्यटक बरेच होते, त्यानंतर मात्र गर्दी विरळ झाली.

पुढे मेपल आणि पाइनचं रान. ओढ्याच्या कडेनं गुलाबी तेरडा माजलेला, आमच्या डोक्याच्या वर गेलेला. आपल्या तेरड्याच्याच कुळातला, शेंगेला बोट लागलं की तसाच फुटणारा. इंग्रजांनी हा बागेत शोभेसाठी म्हणून विलायतेत नेला आणि आता तिथल्या नदीकाठांवर तो उपटता उपटता त्यांच्या नाकी नऊ आलेत, हे सांगताना मॅडमच्या आवाजात थोडं समाधान होतं.

जंगल संपता संपता भूर्ज लागतात. भूर्जपत्र हा शब्द आपण शाळेपासून ऐकलेला. झाड मी पहिल्यांदाच पाहिलं. पांढुरकी साल, तिच्यावर आडव्या बारीक रेघा, आणि जिथं पापुद्रा सुटलाय तिथं आतून फिकट गुलाबी थर. एकाखाली एक किती थर आहेत ते नखानं बघावंसं वाटतं, पण मॅडमनी हात धरला. गळून पडलेला तुकडा मात्र त्यांनी सगळ्यांच्या हातात फिरवला. काश्मीरमधल्या जुन्या संस्कृत पोथ्या अशाच सालीवर लिहिलेल्या. या पट्ट्यात भूर्ज हेच शेवटचं झाड. त्याच्या वर गवत, दगड, पाणी आणि फुलं.

निचनाईचा ओढा धरून वर जाताना बकरवालांचे, म्हणजे इथल्या भटक्या मेंढपाळांचे, ढोक दिसायला लागले. दगडमातीच्या भिंती, वर आडवे ओंडके आणि मातीचं छप्पर. एका ढोकाच्या भोवती हिरवंगार होतं म्हणून पोरं फोटो काढायला धावली. जवळ गेल्यावर कळलं, ती हिरवाई म्हणजे सगळी चुक्याच्या जातीची रुंद पानं आणि खाजरी. मॅडम म्हणाल्या, "इथं मेंढ्या रात्री बसतात. लेंडीखतानं जमीन इतकी तेज झालीये की हीच दोन झाडं बाकीच्यांना जागा देत नाहीत. फुलं बघायची तर मेंढी कुठं बसते आणि कुठं पोचत नाही, हे आधी बघा." पुढच्या वाटेवर आम्ही तेच करत गेलो.

दिवस दुसरा : निचनाईची खिंड

खिंड साधारण ४१०० मीटर. चढ अंगावर येणारा नाही, पण लांबलचक आहे. डॉक्टरांनी सगळ्यांना दोन-दोन लिटर पाणी प्यायला लावलं आणि पावलं मोजत चालायला सांगितलं. काकू विठ्ठलाच्या नावावर पावलं टाकत सगळ्यांच्या पुढे.

खिंडीच्या अलीकडे उत्तरेकडच्या घळीत बर्फाचा एक पट्टा अजून पडून होता. मळकट, कडेनं पातळ झालेला, खालून पाण्याची टिपटिप. गाईड तो ओलांडून पुढे गेला. मॅडम त्याच्या कडेशी बसल्या आणि मग आम्ही सगळेच बसलो.

बर्फाला अगदी लागून जमीन तपकिरी, गेल्या वर्षीचं गवत आडवं चिकटलेलं, त्यात काहीच नाही. एक हात अंतरावर बोटभर उंचीची गुलाबी प्रिम्युला नुकती उमललेली, पानं अजून पुरती उलगडलेलीही नाहीत. थोडं पुढे, पाणी झिरपतं तिथं पिवळा कॅल्था, गुळगुळीत गोल पानांचा. आणखी चार पावलांवर जांभळे जिरेनियम ऐन भरात. आणि उताराच्या टोकाला, जिथलं बर्फ सगळ्यात आधी वितळलं असणार, तिथं त्याच प्रिम्युलाच्या काड्यांवर सुकलेल्या बोंडांत बी तयार. बर्फ ज्या दिवशी हटतं तो त्या जागेचा पाडवा. तिथून पुढे झाडाकडे फार तर दोन-अडीच महिने. तेवढ्यात पान, फूल, बी सगळं उरकायचं. त्यामुळे एकाच उतारावर वीस पावलांत जून, जुलै आणि ऑगस्ट एकदम बघायला मिळतात. 'फुलांचा सीझन कधी?' या प्रश्नाला इथं एका तारखेचं उत्तर नाही ते यामुळे.

गाईड परत आला. "मॅडमजी, मौसम..." वर ढग जमले होते, त्याचं चुकत नव्हतं. मॅडम उठल्या, पण जाताना त्याला बोट दाखवून म्हणाल्या, "ये देखो, और वो देखो. एक ही फूल है. ये बच्चा, वो दादी." तो वाकला, बघितलं, परत बघितलं. इतकी वर्षं याच वाटेनं ये-जा करणारा तो माणूस त्यानंतर अधूनमधून स्वतःच थांबून काहीतरी दाखवायला लागला.

खिंडीनंतर उतरून लांबच लांब कुरण. डोळ्यांना सुख, पण पायांना अंत नाही. विशनसरचं तळं तंबूंपासून दिसत नाही, ते वरच्या टेकाडामागे आहे. त्या दिवशी बघायला जायची ताकद फक्त पोरांत होती.

दिवस तिसरा : विशनसर, मुक्काम

आमच्या कार्यक्रमात इथं विश्रांतीचा दिवस होता. काही गट तो गाळतात. गाळू नये. उंचीची सवय होते हे झालंच; पण रात्री आयटीतल्या एका पोराचं डोकं ठणकत होतं, ऑक्सिमीटर ८४ दाखवत होता. डॉक्टरांनी औषध दिलं, उबदार ठेवलं, आणि गरज पडली तर खाली नेता यावं म्हणून घोडा तयार ठेवायला सांगितला. सकाळी आकडा चढला, दुपारी पोरगा 'भूक लागली' म्हणाला. सरळ पुढे निघालो असतो तर गाडसरच्या खिंडीत काय झालं असतं कोण जाणे.

भूक लागल्यावर त्यानं खाल्लं ते काकूच्या डब्यातलं मेतकूट. ३७०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातला भात कितीही वेळ ठेवला तरी मधे टणक राहतो. स्वयंपाक्याकडे मोठा प्रेशर कुकर होता म्हणून बरं. मऊ भात, मेतकूट, आणि बाटलीतून आणलेलं तूप. स्वयंपाक्यानंही चाखून बघितलं आणि 'अच्छा है' म्हणाला, पण दुसऱ्यांदा घेतलं नाही.

तळी दोन. खालचं विशनसर, त्याच्या वर थोडं चालून किशनसर. दोन्ही हिमनदीनं कोरलेल्या खोलगटांत साठलेली. विशनसरचं पाणी सकाळी काळपट निळं होतं, ऊन चढलं तसं हिरवट झालं. यातूनच निघणारा ओढा ही किशनगंगेची सुरुवात मानतात. ती पुढे ताबारेषा ओलांडते, पलीकडे तिला नीलम म्हणतात, आणि मुझफ्फराबादला झेलममध्ये जाते. तळ्यात ट्राउट मासे आहेत, पण ते मूळचे इथले नाहीत. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून अंडी आणून काश्मीरच्या पाण्यात सोडली, त्यांचा हा वंश. गळ टाकायला मत्स्य खात्याचा परवाना लागतो.

दुपारी एका बकरवाल बाईनं ढोकात बोलावलं. आत चूल, धूर, कोपऱ्यात पाय बांधलेली कोंबडी, पाळण्यात पोर. नमकीन चहा दिला. गुलाबी, खारट, वर दुधाची साय. एक घोट घेऊन पोरं एकमेकांकडे बघायला लागली. काकूनं दोन वाट्या प्यायल्या. हे कुटुंब राजौरीकडचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी घोडे, मेंढ्या, बकऱ्या, पोरंबाळं, कुत्री असं सगळं घेऊन चालत निघायचं, खिंडी उघडतील तसं वर सरकायचं, सप्टेंबरात परत. आपल्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणात किंवा खानदेशात उतरतात, त्यांची आठवण होणं साहजिक होतं. काकूनं विचारलं, "मेंढ्या किती?" बाईनं हसून विषय बदलला. धनगरही ते सांगत नाही.

बाहेर आल्यावर पोरांपैकी एक म्हणाला, "या मेंढ्याच सगळी फुलं खात असणार. बंदी घातली पाहिजे." मॅडमनी त्याला खाली बसवला. कासला काय झालं ते सांगितलं. फुलं वाचवायची म्हणून पठाराला कुंपण घातलं. गुरं आत यायची थांबली. मग गवत माजलं, आणि नाजूक, बुटकी फुलं त्यात गुदमरायला लागली अशी ओरड झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. "शेकडो वर्षं जनावरं चरतायत त्या जमिनीवर, आणि तिथली फुलं त्या चरण्यासकट घडलेली आहेत. प्रश्न किती मेंढ्या आणि किती दिवस, हा आहे. बंदी हे उत्तर सोपं आहे म्हणून बरोबर ठरत नाही."

मला विचाराल तर विशनसरच्या काठावर मेंढ्यांपेक्षा आम्हीच जास्त होतो. वेगवेगळ्या गटांचे मिळून इतके तंबू की रात्री टॉर्चच्या उजेडांनी वाडी वसल्याचा भास. ओढ्याकाठी दगडांमागे ओले टिश्यू, चॉकलेटचे कागद. यावर मात्र बंदी चालेल.

दिवस चौथा : गाडसर

ज्याच्यासाठी आलो तो हा दिवस. पहाटे लवकर निघालो. किशनसरच्या कडेनं वाट थेट धारेवर चढते. या वाटेवरची ही सगळ्यात उंच खिंड, ४२०० मीटरच्या आसपास. चढताना बोलणं बंद, नुसते श्वास. पण मधे थांबून खाली बघितलं तेव्हा विशनसर आणि किशनसर दोन्ही एकदम दिसली, वरखाली, दोघांचे निळे वेगळे. केजीएलचा जो फोटो सगळीकडे फिरतो तो इथला. तिथं फोटोसाठी रांग होती, खरोखरची रांग.

मॅडम त्या रांगेत नव्हत्या. त्या वाटेच्या वरच्या बाजूला, मेंढीचं पाऊल ठरणार नाही अशा तुटक्या दगडांकडे बघत होत्या. मग त्यांनी मला हाक मारली, तीही हळूच.

निळी पॉपी. मेकोनॉप्सिस. मी फोटोंत पाहिलेली, पण फोटो रंगाच्या बाबतीत खोटं बोलतात. निळा, पण पाकळीच्या बुडाकडे जांभळ्यात जाणारा, आणि मधे पिवळ्या केसरांचा गुच्छ. पाकळ्या इस्त्री न केलेल्या चंदेरी साडीसारख्या चुरगळलेल्या, इतक्या पातळ की मागून ऊन आलं तर शिरा दिसतात. आणि हे सगळं ज्याच्यावर उभं आहे तो देठ, पानं, कळ्या सगळीकडे गवती रंगाचे काटेच काटे. वरची फुलं उमललेली, एकाची पाकळी गळून पडलेली, खालच्या कळ्या मान खाली घालून. दगडाच्या फटीत जेमतेम मूठभर माती होती. खाली कुरणात, जिथं माती आहे, पाणी आहे, तिथं ही का नाही? मॅडमनी उत्तर दिलं नाही. खालच्या उतारावर पसरलेल्या मेंढ्यांकडे हनुवटीनं दाखवलं, आणि मग शिक्षकी प्रामाणिकपणानं पुस्ती जोडली, "शिवाय हिला निचऱ्याची जागाच लागते. सगळं मेंढ्यांच्या माथी मारू नका."

गाईड तोवर आमच्याजवळ येऊन बसला होता. घड्याळाचा विषय त्यानं काढला नाही.

पलीकडचा उतार म्हणजे फुलांचा लोटच. ज्यांना 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' म्हटलं की फक्त उत्तराखंड आठवतं त्यांनी इथं यावं. वर बुटक्या गुलाबी बिस्टॉर्टाचे गालिचे, मग पिवळी आणि गडद लाल पोटेंटिला. तिची पानं हुबेहूब स्ट्रॉबेरीची, उलटी केली की चंदेरी. ओलसर जागी पेडिक्युलॅरिस, गुलाबी, सोंड वाकडी करून बसलेला. दिसायला देखणा, पण मुळांनी शेजारच्या गवताचा रस चोरणारा. पोरांना हा फार आवडला. छोटे निळे जेन्शियन ढगाची सावली आली की मिटायचे आणि ऊन आलं की थोड्या वेळात उघडायचे. हे बघत आम्ही किती वेळ काढला ते लिहीत नाही.

यमसर डावीकडे खाली सोडलं. गाडसर त्याहून मोठं, मागे सरळ उठलेले कडे, कड्यांच्या पायथ्याशी पाण्यात उतरलेलं बर्फ. काठापर्यंत फुलं. तिथून पुढे लष्कराची चौकी लागते. ओळखपत्रं दाखवायची, वहीत नावं, फोटो काढायचा नाही. पाऊस सुरू झाला आणि तंबूत शिरेपर्यंत सगळे चिंब. दोन वाजता पोचायचं होतं, पाच वाजले. रात्री जेवताना गाईड म्हणाला, "कल से आधा घंटा पहले निकलेंगे. फूल के लिए." त्याच्या कार्यक्रमात फुलांसाठी वेगळा अर्धा तास आला, हे मॅडमनी वहीत नोंदवून ठेवलं.

दिवस पाचवा : सतसर

ओढा ओलांडला, एक खडा चढ चढला, मग पठारावरून सरळ चाल. पाऊस, धुकं, पोंचो, ओले मोजे. सतसरच्या अलीकडे परत चौकी, परत वही. संध्याकाळी स्वयंपाक्यानं पोहे केले. कांदा होता, हळद होती, शेंगदाणे नव्हते. काकूनं खिशातून मूठभर काढून दिले. झोपलो.

दिवस सहावा : झजची खिंड आणि गंगाबल

धुकं उडालं होतं. सतसर म्हणजे सात तळ्यांची साखळी, एकाच्या खाली एक. पण ऑगस्टात त्यातली वरची काही आटून नुसते ओले खळगे उरतात. तळ्यांच्या कडेला मोठमोठ्या शिळांचा पट्टा आहे, एकीवरून दुसरीवर पाय टाकत जायचं. ओल्या शिळेवर शेवाळ नसलं तरी घसरतं. इथं सह्याद्रीची सवय कामाला आली. काकू राजगडाच्या बालेकिल्ल्यावर पावसात चढलेली बाई, ती आरामात गेली.

शिळांच्या पुढच्या गवतात गाईड थांबला आणि मॅडमना हाक मारली. "ये आपने नहीं देखा अब तक." हिरवट फूल, शिरांवर जांभळ्या रेघा, वरची पाकळी टोपासारखी वळलेली, पान देठाला मिठी मारून. मॅडमनी चष्मा पुसला. "अगं, अतिविष!" काकू आणि मी एकदमच वाकलो. बाळगुटीत सहाणेवर उगाळतात ते, ज्याचं करड्या रंगाचं मूळ आमच्या माजघरातल्या डबीत असायचं, ते हे. बचनागाच्याच कुळातलं, पण त्याचं विष याच्यात नाही. मुळासाठीच उपटलं जात असल्यामुळे हिमालयात ते दुर्मीळ होत चाललंय. गाईड म्हणाला, त्याच्या आजोबांच्या वेळी हे गावाच्या वरच्या रानातच मिळायचं. नाशिकच्या भद्रकालीतल्या वनौषधींच्या दुकानात आपण पुडी मागतो, ती कुठून येते हे काकूनं तोवर कधी मनात आणलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती.

झजची खिंड ४००० मीटरच्या आसपास. वर पोचताच समोर हरमुख, ५१४२ मीटर, कड्यांवरून लटकणाऱ्या हिमनद्यांसकट. पायथ्याशी गंगाबल आणि नुंदकोल, जोडीनं. याच हरमुखावरून १८५६ साली माँटगोमेरी या सर्वेक्षण अधिकाऱ्यानं दूर काराकोरममधली दोन उंच शिखरं टिपली आणि नोंदीत त्यांना के-१, के-२ अशी नुसती क्रमांकाची नावं दिली. पहिल्याला स्थानिक नाव सापडलं, माशेरब्रुम. दुसऱ्याचं के-२ तसंच राहिलं.

काश्मिरी पंडितांसाठी गंगाबल म्हणजे त्यांची गंगा. अस्थी इथं विसर्जित करायची परंपरा. यात्रा भाद्रपद शुद्ध अष्टमीला, आपल्याकडे गौरी जेवतात त्या सुमारास. मधली बरीच वर्षं ती बंद पडली होती. २००९ पासून पुन्हा जायला लागले. काठावर आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पाण्यात उभे होते. आमच्यातल्या कुणीही तिथं कॅमेरा काढला नाही. मुक्काम नुंदकोलजवळ.

दिवस सातवा : नारानाग

१२०० मीटरहून जास्त उतार एका दिवसात. गुडघ्यांना विचारून बघा. त्रुंखोलची कुरणं संपली की परत भूर्ज, मग पाइन, मग उतारच उतार. फुलं उलट क्रमानं भेटत गेली आणि शेवटी ओढ्याकाठी तोच उंच गुलाबी तेरडा.

नारानागला वांगथ नाल्याच्या काठी दगडी मंदिरांचे अवशेष आहेत. काश्मीरचा राजा ललितादित्य याच्या काळाशी, म्हणजे आठव्या शतकाशी जोडले जाणारे. एकावर एक बसवलेले मोठाले चिरे, छपरं गेलेली, बाजूला झऱ्याचं कुंड. पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. वास्तुकलेसाठी इथं वेगळा दिवस द्यायला हवा. आम्ही पाऊण तास दिला, कारण सुमो उभ्या होत्या आणि सगळ्यांना कंगनमध्ये काहीतरी गरम खायचं होतं.

सुमोत बसायच्या आधी वाद झाला तो कुठलं तळं सरस यावर. पोरं गाडसरच्या बाजूनं, डॉक्टर गंगाबलच्या, काकू म्हणाली तिला विशनसरच्या ढोकातला चहा सगळ्यात आवडला. पुढच्या वर्षी कुणाला जायचं असेल तर गाईडनं निरोप दिलाय: फुलं हवीत तर जुलै मध्यापासून ऑगस्ट मध्यापर्यंत या, गवत सोनेरी झालेलं हवं असेल तर सप्टेंबरात, आणि फुलांसाठी येणार असाल तर बुकिंग करतानाच तसं सांगा, म्हणजे तो सकाळची वेळ अर्धा तास अलीकडे घेईल. मॅडम मात्र वही उघडून बसल्या होत्या. ओळख न पटलेल्या फुलांना त्यांनी क्रमांक दिले होते आणि त्यांचे फोटो पोरांकडे मागत होत्या. "गाडसरच्या उतारावरचं नऊ नंबर, पांढरं, पानं विभागलेली. काढायला सांगितलं होतं तुला." पोरगं गॅलरी वरखाली करत राहिलं. त्यात तळी होती, खिंडी होत्या, त्याचे स्वतःचे बूटही होते.

"मागच्या गाडीतल्या डॉक्टरांकडे असेल," तो म्हणाला. मॅडमनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.